मृत्युपत्रात न मावलेलं

बँकेच्या नोकरीत मयत खातेदारांचे लॉकर उघडण्याचं काम माझ्या वाट्याला बरेचदा आलं. वारस आणि दोन साक्षीदार समोर बसवायचे, एकेक वस्तू टेबलावर मांडायची आणि यादी करायची. 'पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग दोन.' सोनं असं आम्ही कधी लिहीत नसू, कारण ते सोनंच आहे याची जबाबदारी बँक कशाला घेईल? दागिन्यांची नोंद संपली की तळाशी हमखास काहीतरी उरायचं. एखादी पितळी किल्ली, झिजलेला ढब्बू पैसा, जुनं पोस्टकार्ड. मुलं एकमेकांकडे बघायची. "आईनं हे लॉकरात का ठेवलं असेल?" मी लिहायचो, 'किल्ली, नग एक.' सांगू शकणारं माणूसच गेलेलं असायचं.

पैशाअडक्याची तजवीज हल्ली लोक करू लागले आहेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीसाठी चार जणांपर्यंत नावं लावता येतात. (नाव लावलेला माणूस मालक होत नाही, तो वारसांच्या वतीनं रक्कम घेणारा असतो, हे मात्र मी काउंटरवर घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं आहे.) मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी ऐच्छिक आहे. पण कोणाला काय द्यायचं एवढंच त्यात येतं. ते घरात कसं आलं, कोणाच्या कष्टानं टिकलं, हे येत नाही.

वास्तविक आमचा सातारा-सांगलीचा मुलूख कागद जपणारा. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. पण ही झाली सरदार-मुत्सद्द्यांची दप्तरं. तुमच्या-माझ्या घराचं दप्तर कोण ठेवणार? रमाबाई रानडे मूळच्या देवराष्ट्र्याच्या. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकलेल्या या बाईंनी १९१० साली आपल्या आठवणी छापल्या, म्हणून न्यायमूर्तींचं घर आपल्याला आतून दिसतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी स्वतःच्या घरात जाग आली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये. सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं आणि गावभागातल्या आत्याच्या घरात शिरलं. आत्याला आतेभावानं आधीच हलवलं होतं, पण ट्रंक राहिली. आठवड्यानं आम्ही ती उघडली तेव्हा फोटोंचा लगदा झाला होता. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून मिळाली. सातबारा तलाठ्याकडून मिळाला. पण फोटोंच्या मागे आत्यानं लिहिलेली नावं कुठल्या कचेरीत मिळणार?

त्याच ट्रंकेत १९७९ सालच्या हक्कसोडपत्राची तिची प्रत होती. साताऱ्याच्या घरातला आपला हिस्सा तिनं माझ्या वडिलांच्या नावे सोडला होता. आज मी राहतो तेच हे घर. नवी नक्कल काढून मी सांगलीला गेलो आणि तिला वाचून दाखवली. 'राजीखुशीने व कोणताही मोबदला न घेता' या शब्दांपाशी ती हसली.

"अरे, मोबदला घ्यायचं राहू दे. दिलेलं कुठं लिहिलंय त्यात?"

तेव्हा समजलं. १९६२ साली घर सावकाराकडे गहाण पडलं होतं. ते सोडवायला आत्यानं आपले लग्नातले दागिने वडिलांच्या हातावर ठेवले होते. ते परत कधी झाले नाहीत. वडील बोलले नाहीत, आत्यानं मागितलं नाही. आणि मी, कर्ज देताना तारणाचे कागद तीनतीनदा तपासणारा अधिकारी, वारसा म्हणून मिळालेल्या त्या घरात आयुष्यभर निर्धास्त झोपलो.

त्या दिवसापासून मी एक वही घातली. "आठवणी सांग" म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात किंवा रामायणापासून सुरुवात करतात, हा माझा अनुभव. त्यापेक्षा वस्तू हातात द्यावी. हा तांब्या कोणाचा? हा पोचा कशानं आला? मग गाडी आपोआप चालू लागते. मोबाइलवर आवाज धरावा, पण कागदावरही उतरवावं. फोटोमागे मऊ शिसपेन्सिलीनं लिहावं, बॉलपेनचा उठाव पुढे येतो. दोन बहिणींनी एकच हकीगत दोन तऱ्हांनी सांगितली तर दोन्ही लिहाव्यात, निवाडा आपण करू नये. भांडणं, उसनवारी, घर सोडून गेलेला काका, हेही वगळू नये. कादंबरीकाराला वगळण्याचा मोह फार होतो, मी त्याच्याशी झगडलो आहे. मात्र हा मजकूर मृत्युपत्रात घुसडू नये. तिथल्या भावनेच्या एका वाक्याचा अर्थ लावत वारस वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढू शकतात. वही वेगळी ठेवावी; मृत्युपत्रात एवढंच लिहावं की ती अमक्याकडे राहील आणि नकला सगळ्यांना मिळतील. एक नक्कल दुसऱ्या गावी असावी. माझी वही साताऱ्यात आहे, नक्कल सांगलीत आतेभावाकडे, वरच्या मजल्यावर.

माझ्या मृत्युपत्रात आता आत्याच्या नातीच्या नावे एक रक्कम आहे. का, ते वहीत आहे.

ते पान लिहून झालं तेव्हा मी आत्याला वाचून दाखवायला गेलो होतो. डोळे मिटून तिनं सगळं ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "पाटल्या नव्हत्या रे. गोठ होते, चार तोळ्यांचे. खोड ते, आणि नीट लिही."