धानाचं तूस, कडुनिंबाचा पाला आणि पाण्यातलं शिसं

पाणी पाक आहे की नाही, हे आपण रंग, चव आणि वासावरून पाहतो. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक या तिन्हींत सापडत नाहीत. उकळल्यावर जंतू मरतात, धातू तिथेच राहतात. उलट वाफ गेली की पाण्यात ते थोडे दाटच होतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या लिटरभर पाण्यात शिसं ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. लहान मुलांच्या मेंदूला ते सगळ्यात जास्त बाधतं.

आता वनस्पतींतून एक इलाज पुढे येतोय. कडुनिंबाच्या किंवा चहाच्या पानांचा अर्क लोहाच्या क्षारात मिसळला, की त्यातली तुरट द्रव्यं लोहाचे अतिसूक्ष्म कण तयार करतात. केसाची जाडी साधारण ८०,००० नॅनोमीटर, हे कण १०० च्या आत. कण जितका बारीक, तितकी चिमूटभर भुकटीत धातू चिकटायला जागा जास्त.

आपल्या पोंभुर्णा-मूलकडे राइस मिलबाहेर तुसाचे ढीग पडतात ना, त्याच्या राखेत सिलिका भरपूर असते. २००९ मध्ये आलेल्या टाटा स्वच्छ फिल्टरमध्ये हीच राख होती, चांदीचे नॅनोकण लावलेली. पण ती जंतूंसाठी, धातूंसाठी नव्हे.

म्हणून घरी पाला वाटून हंड्यात टाकू नका. ते कण परत गाळून काढावे लागतात, धातू धरलेला गाळही सांभाळून ठेवावा लागतो. ते प्रयोगशाळेचं काम. आधी ग्रामपंचायतीमार्फत बोअरच्या पाण्याचा नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवा. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच गावांत फ्लोराइड निघतं, ते धातू नाही आणि त्याचा फिल्टरही वेगळा. रिपोर्ट हातात आल्याशिवाय मशीन घेऊ नका.