लॅपटॉपच्या गुणांवर किती विसंबावे?

बारावीचा निकाल लागला की घाटकोपर-मुलुंडची आपली माणसे पतपेढीचे कर्ज काढून लॅमिंग्टन रोड गाठतात. मुलीला लॅपटॉप हवा असतो. दुकानदार चाचणीच्या गुणांचा तक्ता पुढे करतो : ‘हाच वेगवान!’ पालकहो, हे गुण खोटेच असतात असे नाही. पण ते कोणत्या परिस्थितीत मिळाले, हे विचारलेच पाहिजे.

चाचणी बहुधा चार्जर लावून घेतात. बॅटरीवर तेच यंत्र पुष्कळदा मंदावते. चाचणी दोन-चार मिनिटांत आटोपली, तर यंत्र तापण्याआधीच गुण पदरात पडतात. पुढे ते तापले की वेग उतरतो. प्रोसेसर तोच असला, तरी रॅमची पट्टी एक की दोन, यानेही फरक पडतो.

शिवाय प्रश्नपत्रिका कोण काढतो? ‘सिसमार्क’ चाचणी खऱ्या कामाचे योग्य माप देत नाही, असा आक्षेप घेऊन प्रोसेसर बनवणारी एएमडी कंपनी २०११ साली ती चाचणी काढणाऱ्या ‘बॅपको’ संस्थेतून बाहेर पडली. प्रतिस्पर्धी इंटेल मात्र आतच राहिली.

म्हणून दुकानात दोन्ही यंत्रे शेजारी ठेवा, चार्जर काढा आणि मुलीला लागणारेच काम, मग ते टॅली असो वा एक्सेल, अर्धा तास चालवून पाहा. हप्ते आपल्याला फेडायचे आहेत, तक्त्याला नव्हे.