रिपोर्ट नॉर्मल, तरी गोळी चालूच

खर्ड्याकडचे एक शेतकरी परवा जामखेडला माझ्या दवाखान्यात आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. पुण्याला अँजिओप्लास्टी झाली होती. खिशातून जुना रिपोर्ट काढत म्हणाले, "डॉक्टर, कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, म्हणून चार महिने झाले, गोळी बंद केली."

रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९२ होते. शेजारी छापले होते, '१०० पेक्षा कमी असावे'. पुन्हा तपासले, तर १४८!

मित्रहो, घोटाळा इथेच होतो. कागदावर छापलेला आकडा सर्वसाधारण माणसासाठी असतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एकदा अडथळा आला, त्याचे उद्दिष्ट वेगळे. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या अभ्यासाने दाखवले, की सिमव्हास्टॅटिन या गोळीने पाचेक वर्षांत मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांतून कळत गेले, की एलडीएल जितके खाली, तितका धोका कमी. म्हणून उद्दिष्ट १०० वरून ७० वर आले. २०१९ मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी आणि २०२४ मध्ये आपल्या कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने अशा रुग्णांसाठी ते ५५ च्या खाली ठेवले.

स्टॅटिन गोळी यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. मग यकृत रक्तातले एलडीएल ओढून घेते. गोळी थांबली, की हे कामही थांबते. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत तपासणी करावी. उद्दिष्ट गाठले नाही तर डॉक्टर डोस वाढवतात. पण डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी सुमारे सहाच टक्के उतरते. अशा वेळी एझेटिमाइब ही दुसरी गोळी जोडीला देतात. स्नायू दुखू लागले तर डॉक्टरांना सांगा, परस्पर गोळी सोडू नका. तंबाखू सोडणे, तेलकट कमी करणे आणि चालणे हे तर हवेच.

"म्हणजे जन्मभर गोळी?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "आबा, बंधाऱ्यात पाणी दिसलं म्हणून बंधारा कोणी फोडतं का? पाणी आहे ते बंधाऱ्यामुळेच."

ते हसले. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. दोन महिन्यांनी तपासणी आहे. या वेळी रिपोर्टवर मी स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे : ५५ च्या खाली.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)