मोबाइलची थरथर कशी मोजावी?

घंटी बंद असली तरी खिशातल्या मोबाइलच्या थरथरण्याने फोन आल्याचे तुम्हाला कळते. ही थरथर निर्माण करणारे विद्युत् संकेत कसे मोजतात, ते आपण पाहू.

काही मोबाइलमध्ये इवलीशी मोटर असते. तिच्या आसावर वजन एका बाजूलाच बसवलेले असते, त्यामुळे आस फिरला की सारा फोन हादरतो. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंगला जोडलेले वजन चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने मागेपुढे हलवतात. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के दिले तरच तो उंच जातो ना? तसेच हे वजनही त्याच्या नैसर्गिक कंप्रतेला, म्हणजे सेकंदाला सुमारे २०० वेळा, धक्के दिले तरच जोरात हलते. यालाच अनुस्पंदन म्हणतात.

हे धक्के देणाऱ्या चिपला ‘चालक’ म्हणतात. तिच्या एका टोकाला ऑसिलोस्कोप, म्हणजे दोलनदर्शक, जोडला तर पडद्यावर गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी दातांचे कुंपण दिसते! चिप बिघडली असे समजू नका. उदाहरणार्थ, डीआरव्ही २६०५ ही चिप विद्युत् दाब सेकंदाला सुमारे २०,००० वेळा चालू-बंद करते आणि प्रत्येक स्पंदाची रुंदी कमीजास्त करते. वजन जड असल्याने त्याला इतकी घाई जमत नाही. ते फक्त सरासरी दाबाला दाद देते.

आपल्यालाही ही सरासरीच पाहायची आहे. त्यासाठी प्रत्येक टोकाला १ लाख ओहमचा रोधक जोडा आणि त्याच्या पलीकडून भूमीपर्यंत ४७० पिकोफॅरडचे धारित्र लावा. रोध व धारिता यांच्या गुणाकाराला २π ने गुणून त्याचा व्यस्त काढला, की सुमारे ३,४०० हर्ट्झ ही या गाळणीची सीमा मिळते. २०० हर्ट्झची लाट सहज पार होते. २०,००० हर्ट्झचे दात मात्र सुमारे एक-षष्ठांश उरतात.

आता एक धोका. चिपच्या दोन निर्गम टोकांपैकी कोणतेच भूमीला जोडलेले नसते. दोलनदर्शकाचा काळा चिमटा मात्र बहुधा भूमीला जोडलेला असतो. तो चिपच्या टोकाला लावला तर लघुमंडल होऊन चिप जळू शकते. म्हणून दोन शोधण्या घ्या, दोघींचे काळे चिमटे मंडलाच्या भूमीलाच लावा आणि एका वाचनातून दुसरे वजा करा. समजा, एका क्षणी टोकांवर २ व १ व्होल्ट आहेत, वजाबाकी +१. अर्ध्या आवर्तनानंतर १ व २, वजाबाकी –१. म्हणजे खरा चढउतार २ व्होल्टचा. एकच टोक पाहणाऱ्याला तो निम्माच दिसेल!

आता लाटेची लांबी वाचा. एका लाटेला ५ मिलिसेकंद लागत असतील, तर कंप्रता २०० हर्ट्झ.

शेवटी एक प्रश्न. ४७० ऐवजी ४७ पिकोफॅरडचे धारित्र लावले तर पडद्यावर काय दिसेल? आधी गणित करा, मग शिक्षकांच्या मदतीने पडताळून पाहा.