भेटीची कण्हेर बागेत लावताना

वास्तुशांतीला, वाढदिवसाला फुलझाडाची कुंडी भेट देण्याची पद्धत मुंबईच्या उपनगरांत चांगलीच रुळली आहे. गॅलरीत झाड मावेनासे झाले की ते सोसायटीच्या बागेत हलवायचे ठरते. मुलुंडच्या एका आजोबांनी मला मध्यंतरी विचारले, ‘डॉक्टर, भेट आलेली गुलाबी कण्हेर खाली लावली तर चालेल ना? नातवंडं तिथंच खेळतात.’ प्रश्न बागेचा वाटला, तरी तो आरोग्याचाही आहे.

कण्हेर दिसायला देखणी आणि निगेला सोपी. गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून रस्त्यांच्या दुभाजकांवरही ती लावतात. पण तिचे मूळ, पान, फूल, चीक सारेच विषारी असते. हे विष थेट हृदयावर परिणाम करते. प्रथम मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. मग चक्कर येते, नाडी मंद किंवा अनियमित होते. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हीसुद्धा तशीच. तिच्या बिया फार घातक, आणि मुले नेमक्या त्याच खेळायला गोळा करतात. केरळात एका तरुणीच्या मृत्यूमागे कण्हेरीचे विष असल्याचा संशय आल्यावर, मे २०२४ मध्ये तेथील त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादात ही फुले वापरणे बंद केले.

म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागी कण्हेर लावू नये. तेथे जास्वंद किंवा मोगरा लावावा. कण्हेरीला मुलांचा हात पोचणार नाही अशी कुंपणालगतची, उन्हाची, पाणी न साचणारी जागा द्यावी.

पावसाळ्याच्या सुरुवातीला, जमीन ओली झाल्यावर लागवड करावी. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद घ्यावा. मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता झाड अलगद बसवावे. हातमोजे वापरावेत, डोळ्यांना हात लावू नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत. त्यांचा धूरही बाधतो.

मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. जखम झाल्यास ती धुऊन डॉक्टरांना दाखवावी. प्रौढांनीही ही लस दर दहा वर्षांनी घ्यावी. चिखलात अनवाणी उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो पायाच्या जखमेतून शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची साथ पाहिली आहे. रिकाम्या कुंडीखालची ताटलीही विसरू नका. तिच्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास साधारण आठवडाभरात तयार होतो. आठवड्यातून एकदा ती घासून कोरडी करावी.

मुलाने पान किंवा बी चघळल्याचे कळले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. तोंडातील तुकडे काढा, चूळ भरायला लावा आणि त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. जाताना त्या झाडाची डहाळी पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे उपचाराला वेळ लागणार नाही.