पेन्शन एकच, हिशेब मात्र वेगवेगळे

पेन्शन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? महिन्याच्या सुरुवातीची बँकेतली रांग, नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आणि आजोबांच्या कपाटातली पासबुकं. त्या पासबुकात इन्कम टॅक्सही दडलेला असतो, हे कॉलेजमधल्या आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

सांगलीला खेटून असलेल्या माधवनगरचंच उदाहरण घेऊ. या गावाचं नाव काढलं की जुन्या माणसांना कॉटन मिल आठवते. समजा, इथल्या एका गल्लीत गिरणीतून निवृत्त झालेले आजोबा राहतात आणि शेजारी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले भाऊसाहेब. दोघंही पेन्शनर, पण हिशेब वेगळा.

निवृत्तीच्या दिवशी भाऊसाहेबांना मिळालेली ग्रॅच्युइटी पूर्ण करमुक्त. शिल्लक रजेचे पैसेही करमुक्त. खासगी नोकरीत मात्र मर्यादा आहे. आज ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि रजेचे पैसे २५ लाखांपर्यंतच करमुक्त. रजेची ही मर्यादा २०२३ पर्यंत फक्त ३ लाख होती! पीएफचं बरं आहे, पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर काढलेल्या रकमेवर टॅक्स नाही.

दरमहाची पेन्शन म्हणजे ‘पगार’

१७ डिसेंबर १९८२ रोजी सुप्रीम कोर्टाने नाकरा खटल्यात सांगितलं, की पेन्शन ही खैरात नाही, केलेल्या नोकरीचा मोबदला आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर्स डे. आयकर खातंही पेन्शनला ‘पगार’च मानतं. त्यामुळे टॅक्स लागतो, पण पगारदाराला मिळणारी ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शनही मिळते. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो. म्हणजे केवळ पेन्शनवर जगणाऱ्याला पावणेतेरा लाखांपर्यंत काळजी नाही.

पण भाऊसाहेबांच्या पश्चात त्यांच्या पत्नीला मिळणारी फॅमिली पेन्शन ‘पगार’ धरली जात नाही. कारण नोकरी तिने केलेली नसते! तिथे सूट मिळते ती पेन्शनच्या एक तृतीयांश किंवा २५ हजार, यातली जी कमी असेल ती.

टॅक्स नाही, तरी पैसे कापले!

आता गिरणीवाल्या आजोबांकडे येऊ. त्यांची पेन्शन ईपीएस-९५ योजनेतली. या योजनेत २०१४ पासून किमान पेन्शन आहे महिना १ हजार रुपये. आजोबांना तेवढीच मिळते असं धरू. यावर कसला टॅक्स? बरोबर, शून्य. पण आयुष्यभराची पुंजी, समजा १५ लाख, त्यांनी ७ टक्क्यांनी एका बँकेत एफडीला ठेवली. वर्षाचं व्याज झालं १ लाख ५ हजार. ज्येष्ठांचं व्याज एका बँकेत वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की बँक १० टक्के टीडीएस कापते. कापले गेले १०,५००. म्हणजे ज्यांना एक रुपयाही टॅक्स लागत नाही, त्यांची साडेदहा महिन्यांची पेन्शन कापली गेली!

यावर उपाय आहे एक कागद, २०२५-२६ पर्यंतचा फॉर्म १५एच. ‘मी साठीच्या पुढचा आहे आणि माझा कर शून्य आहे’ असं लिहून द्यायचं. तो वर्षाच्या सुरुवातीलाच दिलेला बरा, दरवर्षी द्यावा लागतो आणि प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो. पॅन नसेल तर फॉर्म चालत नाही, उलट टीडीएस २० टक्के होतो. फॉर्म द्यायचा राहिलाच, तर रिटर्न भरून रिफंड मागता येतो. पण ज्यांना स्मार्टफोनवरचा ओटीपी सापडत नाही, त्यांनी ते पोर्टल उघडायचं कसं?

इथेच आपला नंबर लागतो. रील्स स्क्रोल करता करता दहा मिनिटं काढा. आजी-आजोबांचा फॉर्म २६एएस उघडून किती टीडीएस कापलाय ते बघा आणि कर लागत नसेल तर रिफंड मागा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, कलमांचे नंबर वेगळे. तेव्हा फॉर्म कुठला भरायचा हे बँकेत आधी विचारून घ्या. हक्काचे साडेदहा हजार परत आले, की आजोबांकडून निदान एक भेळ तरी वसूल करा!