जुनी ट्रॉली विकत घेताना

कोगनोळीपलीकडून ऊसवाहतुकीसाठी जुनी ट्रॉली आणणाऱ्या निपाणी-बेळगाव भागातील शेतकरी बांधवांनी सौद्यापूर्वी ट्रॉलीखाली वाकून पाहावे. वरचा नवा रंग पुष्कळ काही झाकतो. जोडदांडीच्या मुळाशी तडा अथवा दुबार केलेले वेल्डिंग आढळल्यास, किंवा पिनेचे कडे झिजून लांबट झाले असल्यास, किंमत कितीही उतरली तरी सौदा सोडावा. भरल्या उसासह दांडी तुटली म्हणजे मागून येणाऱ्याचाही जीव जाऊ शकतो. चाक जॅकवर उचलून हलवावे. ते डुगडुगले तर बेअरिंग बदलावे लागेल. हा खर्च मात्र सोसण्याजोगा असतो.

ट्रॅक्टर व ट्रॉली यांची नोंदणी स्वतंत्र असते. म्हणून ट्रॉलीच्या चेसिसवर ठोकलेला क्रमांक तिच्याच नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा नमुना ३५ घ्यावा. ट्रॉली महाराष्ट्रात नोंदलेली असेल तर नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र पैसे चुकते करण्यापूर्वीच विक्रेत्याकडून मिळवावे. मागाहून विक्रेता सापडतोच असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतराची नोंद करण्यासाठी अर्ज करावा, आणि वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात राहणार असल्यास येथील नवा क्रमांक घ्यावा.